सातबारा तुमचा, वहिवाट त्यांची

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

मी मूळचा सातारा जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबातला. गेली सतरा वर्षे मिनेसोटात, मिनिॲपोलिसजवळ राहतो. एका सहकाऱ्यामुळे हरणांच्या शिकारीचा नाद लागला आणि दोन वर्षांपूर्वी शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातील बफलो काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) ८० एकर जंगल विकत घेतले. पूर्वीचा मालक दुधाचा धंदा करणारा शेतकरी होता. तो वारल्यावर मुलांनी जमीन विकली. मी चारही हद्दींवर ‘प्रवेश बंद’च्या पाट्या लावल्या. गेल्या नोव्हेंबरात बंदुकीच्या हंगामाच्या पहिल्याच शनिवारी शेजारच्या कुटुंबातील तिघे जण माझ्या जंगलातून हाका घालत, म्हणजे रान तुडवत हरणे पुढे हाकलत, आले. मी हटकल्यावर त्यांच्यातला वयस्क माणूस म्हणाला, “तुला विस्कॉन्सिन नकाशावर दाखवता येत नव्हते, तेव्हापासून आम्ही इथे शिकार करतो.” शब्दाने शब्द वाढला. फेब्रुवारीत गेलो, तर फाटकाच्या कुलपात गोंद भरलेला होता आणि झाडांवरचे दोन कॅमेरे गायब होते. सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला कॅमेऱ्यात दिसणारे मोठे नर हंगामात एकदाही दिसले नाहीत, हे त्यांच्या हाक्यामुळेच झाले अशी माझी खात्री आहे. पत्नी म्हणते, विकून मोकळे व्हा. मित्र म्हणतो, शेरीफकडे, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाकडे, जा. माझ्या एका ओकवर त्या लोकांनी ठोकलेले जुने मचाण आहे, ते करवतीने कापून टाकावे असे रोज वाटते. मी काय करावे?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यात जे लिहिले आहे त्यापेक्षा जे लिहायचे राहिले आहे त्याकडे माझे लक्ष अधिक गेले. जमीन विकत घेतल्यापासून ते पहिल्या भांडणापर्यंतच्या काळात तुम्ही त्या शेजाऱ्याच्या दारात एकदा तरी गेला होता का, याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही. गेला असतात तर तो तुम्ही नक्की केला असता, म्हणून गेला नव्हता असे धरून पुढचे लिहितो. चुकत असेन तर क्षमा करावी.

कायद्याचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तो सोपा आहे. विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्याच्या खाजगी जमिनीत पाऊल टाकायचे तर मालकाची परवानगी लागते, मग तिथे पाटी असो वा नसो. जखमी केलेले हरीण हद्द ओलांडून शेजारच्या रानात जाऊन पडले, तरी ते आणायला जाण्यापूर्वी तिथल्या मालकाला विचारावे लागते. जुन्या मालकाने त्या कुटुंबाला तोंडी मुभा दिली असणार, पण अशी मुभा देणाऱ्याबरोबर संपते आणि परवानगीने केलेल्या वापरातून सहसा कायमचा हक्क निर्माण होत नाही. तेव्हा त्या सकाळी ते तिघे तुमच्या रानात विनापरवाना शिरले होते, यात शंका नाही. मात्र पाट्यांच्या बाबतीत एक गोष्ट तुम्ही तपासून घ्या. १९८५ पासून त्या राज्यात खाजगी जंगलांसाठी मालमत्ता करात सवलत देणारी एक योजना आहे. तिच्यात जमीन ‘खुली’ म्हणून नोंदवलेली असेल, तर शिकारीसाठी पायी येणाऱ्या कोणालाही मालक अडवू शकत नाही आणि ही नोंद जमिनीबरोबर नव्या मालकाकडे येते. जमीन विकणाऱ्या मुलांनी हे तुम्हाला सांगितले असेलच असे नाही. खरेदीची कागदपत्रे काढून पाहा. नोंद ‘खुली’ निघाली, तर तुमच्या पाट्याच बेकायदेशीर ठरतील आणि या साऱ्या प्रकरणाचे तोंडच फिरेल.

नोंद तशी नाही असे समजू. तरीही तुम्ही विकत घेतले ते ८० एकर, हरणे नव्हेत. अमेरिकेत रानातले जनावर जमिनीच्या मालकाचे नसते. ते जनतेच्या वतीने राज्याच्या ताब्यात असते आणि परवाना काढून, हंगाम पाळून, ठरलेल्या संख्येतच ते मारता येते. जमिनीच्या मालकाच्या हाती असतो तो फक्त आत कोणाला येऊ द्यायचे हा निर्णय. तुम्ही त्या काउंटीत कर भरत असलात, तरी राहता मिनेसोटात, म्हणून स्वतःच्याच जमिनीवर शिकार करायला तुम्हाला बाहेरच्याचा परवाना काढावा लागतो आणि तो स्थानिकाच्या परवान्याच्या कितीतरी पट महाग असतो. हे अन्यायाचे वाटणारे तुम्ही पहिले नाही. मोंटाना राज्याने एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी बाहेरच्यांकडून कित्येक पट शुल्क घेतले, तेव्हा तुमच्याच मिनेसोटातल्या काही शिकाऱ्यांनी ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले होते. १९७८ मध्ये न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. हौसेची शिकार हा काही देशाच्या नागरिकाला प्रत्येक राज्यात समान मिळालाच पाहिजे असा मूलभूत हक्क नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. म्हणजे स्थानिकाला झुकते माप देणे हा तुमच्याशी भांडलेल्या त्या म्हाताऱ्याचा आडमुठेपणा नाही. त्या देशाच्या कायद्यानेच ते मान्य केले आहे. तो तुम्हाला जे बोलला ते उद्धट होते, पण ते आकाशातून पडलेले नव्हते.

आता मुद्द्याचे. तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव आहात, तेव्हा सातबारा आणि वहिवाट यांतला फरक तुम्हाला मी समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्या-मुंबईचा एखादा सुखवस्तू गृहस्थ डोंगरउतारावर पाच-दहा एकर घेतो, पहिल्याच महिन्यात तारेचे कुंपण घालतो आणि ज्या वाटेने गावची गुरे तीन पिढ्या ओढ्यावर जात होती ती वाट बंद होते. कागदोपत्री त्याचे काहीही चुकलेले नसते. गाव मात्र त्याचे नाव पुढची वीस वर्षे कसे घेते, हे तुम्ही लहानपणी पारावर ऐकले असेल. बफलो काउंटीत तो गृहस्थ तुम्ही आहात. हे मी टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही. तुमच्याजवळ असलेली ही समज त्या तिघांजवळ नाही, म्हणून पहिले पाऊल तुम्ही टाकणे अधिक सोपे आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

त्यांच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? मिसिसिपीच्या काठचा तो उंचसखल प्रदेश हिमयुगातल्या हिमनद्यांखाली सापडला नाही, म्हणून तिथे उभे कडे आणि अरुंद दऱ्या शिल्लक राहिल्या. सपाटीवर आणि दरीच्या तळाशी मका, सोयाबीन, लसूणघास. मधल्या चढावर ओकची दाट झाडी. हरणाला खायला आणि लपायला यापेक्षा चांगली जागा सापडणे कठीण. मोठ्या शिंगांच्या नरांच्या विक्रमी नोंदींत बफलो काउंटीचे नाव देशात अगदी वर येते आणि तिथल्या माणसांचे दैवही तिथेच फिरले. विस्कॉन्सिनमध्ये २००४ साली पंधरा हजारांहून अधिक दुधाचे गोठे होते, ते वीस वर्षांत सहा हजारांच्याही खाली आले. गोठा बंद झाला की जमीन विकायला निघते आणि ती घेणारा आता शेजारचा शेतकरी नसतो. शिंगांच्या कीर्तीने ओढलेला, शिकागोचा नाहीतर मिनिॲपोलिसचा पगारदार असतो. चढावरचे जे रान नांगराच्या कामाचे नाही म्हणून कोणी विचारत नव्हते, त्याला शिकारीमुळे भाव आला. शेजाऱ्याच्या मुलाला तो भाव परवडत नाही. काही ठिकाणी तर जमीन विकलीही जात नाही, फक्त शिकारीपुरती भाड्याने दिली जाते, पण परिणाम तोच होतो: काल जिथे नुसते हात हलवून आत जाता येत होते, तिथे आज फाटकाला कुलूप असते.

आणि ती जुनी मुभा फुकट नव्हती, हेही ध्यानात घ्या. असा तोंडी करार मी माझ्या भागात जवळून पाहिला आहे. वर्षभर शेजाऱ्याचा बर्फ हटवायचा, गवताच्या दिवसांत हात लावायचा, रात्री-अपरात्री गाय अडली तर धावून जायचे आणि नोव्हेंबरात त्याच्या रानात मचाणावर बसायचे. परतताना हरणाच्या मांसाच्या सॉसेजची एक पिशवी त्याच्या दारात ठेवायची. जुना मालक वारला, त्या दिवशी या कुटुंबाची तीस-चाळीस वर्षांची सारी देवघेव कोणी न विचारता पुसली गेली. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा तो नऊ दिवसांचा हंगाम तिथे आपल्या गावच्या जत्रेसारखा असतो. कोकणातला चाकरमानी गणपतीला घरी येतो तशी मिलवॉकीला गेलेली मुले त्या शनिवारी घरी येतात. राज्यात पाच लाखांहून अधिक माणसे नारिंगी कपडे घालून एकाच वेळी रानात उतरतात आणि नऊ दिवसांत मारल्या जाणाऱ्या हरणांपैकी जवळजवळ निम्मी पहिल्या शनिवार-रविवारीच पडतात. त्या सकाळी त्यांच्या नेहमीच्या वाटेवर तुमची पाटी होती.

तुमच्या मोठ्या नरांविषयी मी जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या तक्रारीचा हा भाग मला पटलेला नाही. एका पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा वावर तिकडच्या शेतीच्या प्रदेशात ढोबळ मानाने चौरस मैलभर, म्हणजे ६४० एकरांचा असतो. तुमच्याकडे त्याचा आठवा हिस्सा आहे. तुमच्या कॅमेऱ्यात दिसणारा नर तुमचा म्हणून राहत नाही. तो तुमच्याकडे दिवसा झोपतो, शेजाऱ्याचा मका रात्री खातो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला माज आला की माद्यांच्या मागे मैलोन् मैल भटकतो. सप्टेंबरात नियमित दिसणारा नर ऑक्टोबरात नाहीसा होणे ही त्या जनावराची रीत आहे. धान्य काढले जाते, ओकची फळे पडू लागतात, खाण्याच्या जागा बदलतात. त्यावर भर पडते ती माणसाच्या दाबाची. शिकाऱ्यांची वर्दळ वाढली की हरीण पळून दुसऱ्या काउंटीत जात नाही. ते अधिक दाट आणि अधिक उभ्या जागेत दबून बसते, उजेडात उठणे बंद करते आणि ज्या वाटेवर माणसाचा वास सतत येतो ती वाट दिवसा टाळते. मोठा नर मोठा झालेला असतो तो हे लवकर शिकल्यामुळेच.

मग तुमच्या रानात माणसाचा वास कोणी सोडला? दर आठवड्याला कॅमेऱ्यात नर दिसत होते असे तुम्हीच लिहिता. म्हणजे ऑगस्टपासून प्रत्येक शनिवारी दीड-दोन तासांचा प्रवास करून तुम्ही येत होता, बहुधा दुपारी, बहुधा रानात चालणाऱ्या चारचाकी एटीव्हीवरून, आणि वारा कोणत्या दिशेचा आहे हे न पाहता जंगलाच्या मधोमध जाऊन कार्ड बदलत होता. ते तिघे वर्षातून एका सकाळी आले. तुम्ही किमान बारा वेळा गेलात. बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्याची हीच अडचण असते. त्याच्याजवळ वेळ शनिवार-रविवारचाच असतो, म्हणून तो प्रत्येक शनिवार-रविवार वापरतो. स्थानिक माणूस खिडकीतून वारा पाहतो, वारा उलटा असेल तर चहा पिऊन गोठ्यात जातो. यंदा कॅमेरे हद्दीवरच, गाडी जाते तिथे लावा, किंवा चित्रे फोनवर पाठवणारे घ्या. आणि रानाच्या मधला वीस-पंचवीस एकरांचा दाट भाग असा ठरवा की हंगाम संपेपर्यंत तिथे कोणीही, तुम्हीसुद्धा, पाऊल टाकणार नाही. बसायचे ते कडेला, वारा तोंडावर असेल तेव्हाच. एवढे केल्यावरही पुढच्या वर्षी नर दिसले नाहीत, तर मग दुसऱ्यांना दोष द्या.

यातही एक मेख आहे. तुमचे रान असे शांत ठेवले की हरणे तिथे येऊन लपणार आणि रात्री बाहेर पडून खाणार ते शेजाऱ्याचेच पीक. तुम्हाला दोन-तीन मोठ्या नरांशी मतलब. त्याला वीस माद्यांशी, कारण कणसे त्या खातात आणि पुढच्या वर्षीची संख्याही त्याच वाढवतात. बाहेरचे लोक शिंगांसाठी येतात, माद्यांना हात लावत नाहीत आणि आम्ही मांसासाठी कुठलेही हरीण मारले की नाके मुरडतात, ही तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार मला रास्त वाटते. त्या राज्यात दहा लाखांहून अधिक हरणे आहेत. ती मर्यादेत ठेवण्याचे बरेचसे काम शिकारीवरच अवलंबून असते. (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या भारतातल्या वाचकांना हे सारे विचित्र वाटेल याची मला जाणीव आहे. दोन्हीकडचे रान आणि कायदे वेगळे आहेत, एवढेच सांगून पुढे जातो.) तुम्ही एक नर मारण्याआधी दोन माद्या मारल्या आणि त्यातली एक शेजाऱ्याला दिली, तर ती कोणत्याही पाटीपेक्षा अधिक बोलेल.

कुलपातला गोंद आणि कॅमेऱ्यांची चोरी याबद्दल. हे त्यांनीच केले याचा पुरावा तुमच्याजवळ नाही. असेलही त्यांच्या घरातल्या एखाद्या पोराचे काम, किंवा तिसऱ्याच कोणाचे. शेरीफकडे तक्रार अवश्य नोंदवा, चोरी ही चोरी आहे, पण तीत कोणाचे नाव घालू नका आणि त्यांच्या अंगणात उभे राहून हा विषय काढू नका. सहा महिन्यांपूर्वीच्या गोंदाचा जाब विचारायला आलेला माणूस आणि ओळख करून घ्यायला आलेला माणूस एकच असू शकत नाही.

तुमच्या पत्रात एक शंका शब्दांत न येता आहे, तिच्याविषयीही बोलले पाहिजे: आपण गोरे असतो तर हे असेच झाले असते का? मला वाटते बरेचसे झाले असते. इलिनॉय आणि मिनेसोटाच्या गोऱ्या शिकाऱ्यांसाठी तिथे टोपणनावे तुम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून तयार आहेत. पण सगळे तसेच झाले असते, असे मी म्हणणार नाही. २१ नोव्हेंबर २००४ रोजी त्याच राज्याच्या उत्तरेला, सॉयर काउंटीत, मिनेसोटातल्या सेंट पॉलहून आलेला एक ह्मोंग (मूळच्या आग्नेय आशियातल्या समाजाचा) शिकारी दुसऱ्यांच्या खाजगी जमिनीवरच्या मचाणावर बसलेला आढळला. त्याला उतरून जायला सांगितले गेले, बोलाचाली झाली आणि त्यातून त्याने केलेल्या गोळीबारात सहा माणसे मेली, दोन जखमी झाली. त्याला जन्मठेप झाली. आपल्याला वंशावरून शिव्या दिल्या गेल्या असे त्याचे म्हणणे होते. पहिली गोळी कोणाची यावर दोन्ही बाजू शेवटपर्यंत वेगळे सांगत राहिल्या. पुढे जानेवारी २००७ मध्ये मॅरिनेट काउंटीत एका गोऱ्या माणसाने एका ह्मोंग शिकाऱ्याचा रानात खून केला आणि त्याबद्दल त्यालाही शिक्षा झाली. ही उदाहरणे तुम्हाला घाबरवायला देत नाही. मचाणावरून, हद्दीवरून सुरू झालेले भांडण आणि हातात भरलेली बंदूक या दोन गोष्टी एका जागी आल्या की चूक कोणाची होती हे पुढे न्यायालयात ठरते आणि तोवर ते ऐकायला काही जण उरलेले नसतात. त्या शनिवारी तुम्ही शब्दाला शब्द दिलात, तेव्हा तुमची बंदूक कुठे होती, आणि त्यांच्या कुठे होत्या? पत्नींनी ‘विकून टाका’ म्हटले आहे ते याच चित्राला घाबरून, असे मला वाटते.

म्हणून यापुढचा नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: रानात, हंगामात, कोणाशीही हद्दीबद्दल बोलायचे नाही. कोणी आत आलेला दिसला तर हात हलवून आपण कुठे आहोत ते दाखवायचे, बंदूक रिकामी करायची, तो निघून जाईपर्यंत जागेवर बसायचे, वेळ आणि दिशा लिहून ठेवायची आणि गाडीत आल्यावर शेरीफच्या कार्यालयाला फोन करायचा. शेरीफचे कामच ते आहे आणि तुमच्यापेक्षा ते त्याला बरे जमते. पूर्वी तिथे प्रत्येक शिकाऱ्याच्या पाठीवर परवान्याचा क्रमांक लावलेला असे, लांबून तोच टिपून घेता येत असे. २०१६ पासून ती पद्धत बंद झाली, तेव्हा आता चेहरा आणि गाडी लक्षात ठेवावी लागते.

आता त्यांच्याकडे कधी आणि कसे जायचे ते सांगतो. ऑगस्टमधला एखादा रविवार निवडा. मका उभा असतो, शिकारीचे वातावरण अजून तापलेले नसते. गुरे असतील तर दूध काढण्याची वेळ टाळा. पत्नींना बरोबर न्या. बरोबर जो सहकारी शिकारीला येतो त्याला नेऊ नका, कारण दोन पुरुष दारात आले की ते पथक वाटते. वयस्क माणसाशीच बोला, त्याच्या मुलांशी नव्हे. सुरुवात गेल्या नोव्हेंबरने करू नका. जुन्या मालकाने करा. तो कसा होता, हे रान त्याने कसे राखले, झरा उन्हाळ्यात आटतो का, हे विचारा. या प्रश्नांची उत्तरे तुम्हाला खरोखर हवी आहेत, त्यामुळे त्यात खोटेपणा होणार नाही. मग सांगा की आधी यायला हवे होते, ते राहून गेले. एवढे म्हणायला तुम्हाला जड जाईल; कागद तुमच्या बाजूने असताना माणसाला ते नेहमीच जड जाते.

देण्यासारखे तुमच्याजवळ काय आहे, याचा विचार घरून करून जा. सगळे रान खुले करा असे मी म्हणत नाही. तसे केलेत तर पुढच्या वर्षी तिथे तीनऐवजी तेरा येतील आणि वर मी लिहिलेला दाब तुम्हीच वाढवून घ्याल. माझे मत असे आहे की त्या एका कुटुंबाला, नावानिशी, एका वर्षापुरती, लेखी परवानगी द्यावी: बंदुकीच्या हंगामातले दोन दिवस, पैकी एका सकाळी त्यांचा पिढीजात हाका, ठरलेल्या दिशेने, आणि त्या वेळी तुम्ही जंगलाबाहेर. धनुष्यबाणाचा सप्टेंबरपासूनचा लांबचा हंगाम आणि बंदुकीचे उरलेले दिवस तुमचे. माद्या त्यांनी हव्या तेवढ्या, परवान्याप्रमाणे माराव्यात. नरांच्या शिंगांची अट त्यांच्यावर लादू नका, विनंती करायची तर एकदाच करा. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम: कोणाचेही जखमी हरीण हद्द ओलांडून गेले, तर फोन करून ते आणायला जाता येईल, दोन्ही बाजूंना. हे कलम त्यांच्यापेक्षा तुम्हाला अधिक उपयोगी आहे, कारण तुमचे रान उतारावर आहे आणि गोळी लागलेले हरीण पुष्कळदा उतार धरते. दरवर्षी नव्याने सही केलेला असा कागद तुमच्याच हिताचा आहे. वापर परवानगीने चालू आहे याचा तो पुरावा राहतो. पैसे मात्र घेऊ नका. विस्कॉन्सिनच्या कायद्यात मनोरंजनासाठी जमिनीवर आलेल्या माणसाला अपघात झाला, तर सहसा मालकावर जबाबदारी येत नाही, पण वर्षाला २,००० डॉलरपेक्षा अधिक मोबदला घेतल्यास ते संरक्षण ढिले पडते. कागदाचा मसुदा तिथल्या वकिलाला एकदा दाखवून घ्या. त्याची फी तुमच्या दोन कॅमेऱ्यांपेक्षा फार जास्त होणार नाही.

ते दार उघडणार नाहीत असेही होऊ शकते, किंवा उघडून दोन वाक्यांत बंद करतील. तसे झाले तर आपला फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवून या आणि हद्दीची मोजणी करून खुणा पक्क्या करा; पाट्या ठेवा, आणि यंदा कोणी शिरले तर शेरीफकडे जायला अजिबात कचरू नका. भल्या शेजाऱ्याची वाट पाहत आपला हक्क सोडून देणे मला मान्य नाही. विकण्याचा विचार मात्र आणखी दोन हंगाम लांबणीवर टाका. पहिल्या दोन वर्षांत त्या रानाने तुम्हाला धड पाहिलेलेही नाही.

राहिले ते ओकवरचे मचाण. ते कापू नका, निदान त्या भेटीआधी तरी नाही. ते कोणी ठोकले हे म्हाताऱ्याला विचारा; माझा अंदाज, त्याच्या वडिलांनी. ते त्याला हवे असेल तर त्याच्याच हाताने उतरवून नेऊ द्या, नको असेल तर तिथेच राहू द्या. फक्त फळ्या इतकी वर्षे पावसात आहेत, खिळे गंजलेले असणार, आणि शिकारीतले कितीतरी अपघात गोळीने नव्हे, मचाणावरून पडून होतात. तेव्हा खालच्या तीन पायऱ्या आताच काढून घ्या आणि का काढल्या ते त्याला सांगा. वर कोणी चढायचे नाही, तुम्हीही नाही.